वकिलाचं ऑफिस, झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर आणि सहा तासांचा नियम

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसचा प्रिंटर ऐनवेळी बसला, अकराला मॅटर म्हणजे केस कोर्टाच्या बोर्डावर, म्हणून त्यांच्या क्लार्ककाकांबरोबर पेनड्राइव्ह घेऊन मी खालच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे पळालो. दुकानातल्या पोऱ्याने माऊस हलवला तर स्क्रीनवर डाउनलोड्सचं फोल्डर उघडंच होतं. ॲफिडेविट फायनल, ॲफिडेविट फायनल फायनल, कन्सेंट टर्म्स, कुणाचं तरी आधार कार्ड, कुणाच्या तरी बायकोचा मेडिकल रिपोर्ट. आणि बाजूच्या टॅबमध्ये कुठल्यातरी वकिलाचं व्हॉट्सॲप वेब चालूच, टुण टुण मेसेज येतायत. साहेब बिचारे वर कोर्टात उभे असतील आणि त्यांच्या अशिलाचं सगळं घरदार इथे, वडापावच्या कागदाशेजारी.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. फोर्ट-काळाघोडा पट्ट्यातल्या काही वकिलांच्या ऑफिसांचं कॉम्प्युटर, मेल, वायफाय असलं काम बघतो. पण गेली तीन-चार वर्षं प्रत्येक ऑफिसात एकच प्रश्न येतो, की बाबा हे ऑनलाइन सेफ्टीचे कायदे आलेत म्हणे, आपल्याला काय करायला लागेल? आणि गंमत अशी की विचारणारा स्वतः कायद्याची पुस्तकं पाठ असलेला माणूस असतो. दुसऱ्याच्या कंपनीला पॉलिसी ड्राफ्ट करून देतो, स्वतःच्या ऑफिसचा वायफाय पासवर्ड मात्र ऑफिसचं नाव आणि एक-दोन-तीन.

तर पहिली गोष्ट, आपल्याकडे ऑनलाइन सेफ्टी नावाचा एकच कायदा नाहीये. ब्रिटनमध्ये आहे, ऑस्ट्रेलियात आहे, आपल्याकडे तुकड्या-तुकड्यात आहे. २००० चा आयटी ॲक्ट, त्याच्याखाली २०२१ चे इंटरमीडियरी म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर चालवणाऱ्या साइट-ॲपवाल्यांचे नियम, सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन नावाच्या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम, शिवाय मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो, भारतीय न्याय संहिता आणि बार कौन्सिलचे स्वतःचे नियम. हे सगळं एकत्र वाचलं की डोकं दुखतं, म्हणून मी ऑफिसवाल्यांना उलटं विचारतो: अशिलाने तुम्हाला दिलेला एक कागद घ्या, साधा पॅन कार्डचा फोटो घ्या, तो कुठून कुठे गेला ते मला सांगा. अशिलाच्या फोनवरून सिनिअरच्या व्हॉट्सॲपवर, तिथून ज्युनिअरच्या, ज्युनिअरकडून ग्रुपवर, ग्रुपवरून काकांच्या फोनवर, काकांकडून झेरॉक्सवाल्याच्या मेलवर. सहा जागा निघतात हो! आणि कायदा त्या साही जागांसाठी तुम्हाला विचारणार आहे.

आता बरेच छोटे वकील म्हणतात, आम्ही दोन खोल्यांचं चेंबर, आम्ही कुठे कंपनी आहोत. इथेच फसतात. आयटी ॲक्टचं कलम ४३ए डेटा नीट न जपणाऱ्या बॉडी कॉर्पोरेटला भरपाई द्यायला लावतं, आणि तिथे बॉडी कॉर्पोरेटची जी व्याख्या आहे त्यात कंपनीबरोबर फर्म येते, एकट्याचा धंदा येतो आणि व्यावसायिक काम करणारी माणसांची संघटनाही येते. म्हणजे पार्टनरशिपची पाटी असलेलं ऑफिस आलंच. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाच्या सेवेवर ग्राहक कायद्याखाली दावा लागत नाही, तेव्हा फोर्टात पेढे वाटायचेच बाकी होते, पण ती सुटका फक्त त्या कायद्यातून.

सगळ्यात आधी सहा तासांचं बघू, कारण नव्या डेटा कायद्याला तुमच्याकडे महिने आहेत, याला नाहीत. सर्ट-इनच्या निर्देशात सांगितलंय की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्यांना कळवायचं. घटनांची यादी लांब आहे, त्यात रॅन्समवेअर आहे, डेटा लीक आहे, फिशिंग आहे, वेबसाइट बिघडवणं आहे, अगदी सोशल मीडिया अकाउंट दुसऱ्याने उघडणं पण आहे. शिवाय सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि संपर्कासाठी एक माणूस नेमायचा. लॉग म्हणजे काय तर सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टर, कोण कधी आला, कुठल्या दारातून आला, कधी गेला. निर्देश पाळले नाहीत तर आयटी ॲक्टच्या कलम ७०बी खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड असं लिहिलेलं आहे.

एका ऑफिसात झालेलं सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अशिलाचा फोन, साहेब तुम्ही नवीन खातं नंबर पाठवलात त्याच्यावर पैसे टाकलेत, मिळाले का. कुठलं नवीन खातं? मेल उघडून बघितलं तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एकाच अक्षराचा फरक, सही तीच, लोगो तोच, वर मॅटरचा नंबरसुद्धा बरोबर. म्हणजे कुणीतरी आधीपासून आत बसून मेल वाचत होतं. मी पोचलो आणि मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये गेलो तर तिथे एक रूल केलेला सापडला, नावाच्या जागी फक्त एक टिंब. त्या रूलचं काम एवढंच की ज्या मेलमध्ये पेमेंट हा शब्द असेल ती गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर पाठवायची. असं टिंब कुणाच्या डोळ्यात भरणार? आणि साहेब काय म्हणाले माहितीये, "सोमवारी बघू, वीकेंडला कोण असतंय." साहेब, सहा तासांचं घड्याळ साडेसहाला सुरू झालं, साडेबाराला संपणार, शुक्रवार असो नाहीतर गणपती विसर्जन असो.

अशावेळी क्रम लक्षात ठेवायचा. पैसे गेले असतील तर आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, कारण पहिल्या काही तासांत बँकेने पैसे अडवले तर अडवले, नंतर ते पंधरा खात्यांत फिरून गायब. मग पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, पण काहीही डिलीट करू नका! तो टिंबवाला रूल लोक रागाने आधी उडवतात आणि पुरावाच जातो, आधी स्क्रीनशॉट काढा मग बंद करा. मग सर्ट-इनला मेल, त्यात जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं, पूर्ण चौकशी होईपर्यंत थांबायचं नाही, बाकीचं मागाहून देता येतं. आणि बाकीच्या अशिलांना फोन, मेल नाही, फोन. मेल तर समोरचा वाचतोय ना.

आता डेटा कायद्याचं. २०२३ चा कायदा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणजे मे २०२७. तोपर्यंत जुनं कलम ४३ए आणि त्याच्याखालचे २०११ चे नियम चालू आहेतच. वकिलांमध्ये या कायद्याबद्दल एक वाक्य फिरतं, की आपल्याला सूट आहे. अर्धं खरं आहे ते. कलम १७ मध्ये म्हटलंय की एखादा कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी डेटा वापरणं गरजेचं असेल तर बरीचशी बंधनं लागत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर समोरच्या पार्टीवर केस टाकायला आधी त्याचीच परवानगी घेत बसा! पण त्याच कलमात दोन गोष्टी सूटमधून बाहेर ठेवल्यात. एक, डेटाची जबाबदारी तुमचीच, तुम्ही काम बाहेर दिलं असलं तरी. दोन, वाजवी सुरक्षा ठेवायचीच. आणि शिक्षेचा तक्ता बघितला तर सगळ्यात मोठा आकडा त्या दुसऱ्या गोष्टीलाच आहे, २५० कोटींपर्यंत. म्हणजे सूट मिळाली ती कागदपत्रांच्या सोपस्कारातून, कुलूप लावण्यातून नाही. आता मला विचाराल तर छोट्या ऑफिसाला कुणी २५० कोटी लावणार नाही, या कायद्याखालच्या डेटा संरक्षण बोर्डाने रक्कम ठरवताना चूक किती गंभीर, किती काळ चालली, नंतर काय केलं हे बघायचं असतं, पण "नंतर काय केलं" याचं उत्तर द्यायला काहीतरी केलेलं असावं लागतं.

वाजवी सुरक्षा म्हणजे काय हे नियमांत बऱ्यापैकी सरळ लिहिलंय: डेटा कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवा, कोण काय उघडू शकतो यावर ताबा ठेवा, लॉग ठेवा आणि तेही एक वर्ष, बॅकअप ठेवा, आणि ज्याला काम बाहेर दिलंय त्याच्या करारात हे सगळं लिहून घ्या. बाहेर काम दिलेला म्हणजे कोण? क्लाउडवाला, टायपिंगवाला, भाषांतर करून देणारा, माझ्यासारखा कॉम्प्युटरवाला. आणि हो, झेरॉक्सवाला. त्याच्याशी करार कोण करणार, हसू नका, एका ऑफिसाने एका पानाचं पत्र केलंय आणि दुकानदाराने सही पण दिलीये, महिन्याचं बिल तेवढं मोठं आहे म्हणून.

सूट कुठे लागत नाही तेही बघा. तुमच्या स्टाफचे पगार, इंटर्नशिपला आलेले शेकडो बायोडेटा, दिवाळीच्या शुभेच्छांची यादी, दारावरचा सीसीटीव्ही, हे काही दाव्यासाठी नाही. आणि मुंबईत वकिलांच्या ऑफिसात ढिगाने होणारं काम म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, त्यात मालकाचं आधार, भाडेकरूचं आधार, पॅन, दोन साक्षीदारांचं आधार. हे पण कुठल्या दाव्यासाठी गोळा केलेलं नसतं, त्यामुळे तिथे सूटचा आधार घेणं कठीण. अकरा महिन्यांचा करार संपून चार वर्षं झाली तरी ते फोटो कॉम्प्युटरवर असतात, "स्कॅन ०४७" अशा नावाने. काम संपलं, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नाही, तर काढून टाका. मी एका ऑफिसात साफसफाई केली तेव्हा अशा जुन्या स्कॅनचे सहा हजारांवर तुकडे निघाले, त्यातले निम्मे कुणाचे हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना.

आता थोडं अवघड बोलायचंय, पण हे टाळून चालत नाही. घटस्फोटाच्या केसेसमध्ये अशील नवऱ्याचे किंवा बायकोचे खाजगी फोटो, व्हिडिओ पुरावा म्हणून पाठवतात. रात्री अकराला, व्हॉट्सॲपवर, खाली "सर बघा" असं लिहून. आता फोनमध्ये काय होतं, ऑटो डाउनलोड चालू असेल तर तो व्हिडिओ गॅलरीत जातो, गॅलरीतून आपोआप क्लाउडवर जातो, आणि तेच अकाउंट घरच्या टॅबलेटवर असेल तर मुलं कार्टून बघतात त्या टॅबलेटवर. हे मी कल्पनेने सांगत नाहीये. आणि सिनिअरने तो ज्युनिअरला फॉरवर्ड केला तर आयटी ॲक्टच्या कलम ६७ए मध्ये पब्लिश बरोबर ट्रान्समिट हा शब्द आहे, आणि कलम ६६ई मध्ये दुसऱ्याच्या खाजगी अंगाचं चित्र संमतीशिवाय पाठवणं वेगळं आहे. केससाठीच पाठवलं हा बचाव कदाचित चालेलही, पण तो बचाव करायची वेळ का आणायची? पहिल्या भेटीतच अशिलाला सांगून ठेवा की असलं काही असेल तर फोनवर पाठवायचं नाही, पेनड्राइव्ह बंद पाकिटात घेऊन या, पाकिटावर तारीख आणि सही, कपाटात कुलपात, आणि कोर्टात कसं द्यायचं ते कोर्टालाच विचारून, सीलबंद. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड आजच बंद करा, हा लेख वाचता वाचता.

आणि त्यात लहान मूल असेल, म्हणजे १८ च्या खालचं, तर गोष्टच वेगळी. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य नुसतं जवळ ठेवणं, बघणं, हेसुद्धा पॉक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा होऊ शकतो, आणि त्याला पॉर्न म्हणू नका, शोषणाचं साहित्य म्हणा, असंही सांगितलं. मग वकिलाने काय करायचं? कॉपी काढायची नाही, फॉरवर्ड करायचं नाही, नीट बघू म्हणून दुसऱ्यांदा उघडायचंही नाही, लगेच सिनिअरला तोंडी सांगायचं आणि ज्या डिव्हाइसवर आलं ते तसंच्या तसं पोलिसांकडे कसं जाईल ते त्याच दिवशी ठरवायचं. पॉक्सोच्या कलम १९ मध्ये गुन्ह्याची माहिती पोलिसांना द्यायची जबाबदारी आहे, दुसरीकडे अशिलाची गुप्तता आहे, या दोघांत कुठे रेघ मारायची हे ऑफिसातल्या सगळ्यात अनुभवी माणसाने ठरवायचं, इंटर्नने रात्री बारा वाजता नाही. पीडितेचं नाव तर कुठेच नको, फाइलच्या नावात नको, व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावात नको. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि पॉक्सोचं कलम २३ यासाठीच आहेत, आणि लोक निकाल लागला की उत्साहाने ऑर्डरचा फोटो लिंक्डइनवर टाकतात!

ऑनलाइन पुराव्याचं एक तांत्रिक अंग आहे ते थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, फोन-कॉम्प्युटरमधला पुरावा कोर्टात देताना त्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडतात, त्यात हॅश व्हॅल्यू लिहायला लागते. हॅश म्हणजे पाकिटावरचं लाखेचं सील समजा, फाइलमधला एक ठिपका बदलला तरी सील वेगळं दिसतं. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ गेला की तो दाबून लहान केला जातो, म्हणजे सील बदललं, म्हणून मूळ फोन जपा. जालन्याच्या निवडणुकीच्या खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्टिफिकेटवर जे सांगितलं ते वकिलांना माहीत असतंच, फोन मात्र अशील तोपर्यंत एक्स्चेंजमध्ये देऊन बसलेला असतो.

वेबसाइट. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, २००८ मध्ये वेबसाइटला मुभा मिळाली ती पण नाव, पत्ता, फोन, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती. तरी वेबसाइटवर "तुमची समस्या सविस्तर लिहा" असा फॉर्म असतो, लोक त्यात सासू-सुनेपासून कॅन्सरपर्यंत सगळं लिहितात, आणि तो फॉर्म जातो कुठे तर वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाच्या जीमेलवर, जो मुलगा दोन वर्षांपूर्वी बंगलोरला गेला. तो सविस्तर वाला रकाना काढा. नाव, फोन, वेळ पुरे.

लोकांना एकमेकांत बोलायची जागा तुम्ही करून दिलीत, म्हणजे सोसायट्यांच्या रीडेव्हलपमेंटवर सवाल-जवाबाचं ॲप वगैरे, तर मात्र तुम्ही वकिलाबरोबर इंटरमीडियरी पण झालात. मग तक्रार अधिकारी, तक्रारीची पोच, ठरलेल्या मुदतीत मजकूर काढणं सगळं आलं, आणि ते नाही केलं तर आयटी ॲक्टच्या कलम ७९ चं, म्हणजे लोकांच्या मजकुरासाठी तुम्हाला न धरण्याचं, छत्र जातं. ब्रिटनमधले वापरणारे बरेच असतील तर त्यांचा २०२३ चा ऑनलाइन सेफ्टी कायदा लागतो, ऑफकॉम ही तिथली नियामक संस्था त्यावर लक्ष ठेवते, दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या १० टक्के यातलं जे जास्त ते. पण घाबरू नका, तिथेही फक्त ईमेल, ऑफिसातल्या अंतर्गत सिस्टीम, आणि स्वतःच्या लेखाखालच्या कॉमेंट याला सूट आहे. साधा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय की मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिनला नुसता ॲडमिन म्हणून धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा असल्याशिवाय. हे ऐकून बरेच ॲडमिन निवांत झालेत, अति निवांत.

एक गोष्ट मात्र वकिलांच्या बाजूची आहे आणि ती मला फार आवडली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तपास यंत्रणेला वकिलाचा फोन-लॅपटॉप हवा असेल तर तो कोर्टापुढे हजर करायचा, वकिलाच्या आणि पक्षकाराच्या समोर, त्यांच्या पसंतीच्या तांत्रिक माणसाच्या मदतीने उघडायचा, आणि बाकी अशिलांची गुप्तता जपायची. छान. पण एकाच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर दोनशे अशिलांच्या फाइली खिचडीसारख्या पडल्या असतील तर एकाचं बघताना दुसऱ्याचं दिसणारच की. प्रत्येक मॅटरचं वेगळं फोल्डर, वेगळी परवानगी. आणि अशिलाची आख्खी फाइल फुकटच्या एआयमध्ये टाकून "समरी दे" म्हणणाऱ्या ज्युनिअर मंडळींनो, ती सातवी जागा झाली.

माझ्या ऑफिसांत आता पाण्याच्या फिल्टरशेजारी एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर लक्षात आल्याची वेळ लिहायला रकाना, १९३०, सर्ट-इनचा मेल, माझा नंबर, आणि पार्टनरच्या बायकोचा नंबर, कारण साहेब शनिवारी फोन उचलत नाहीत. त्या क्लार्ककाकांना मी हॅश, एन्क्रिप्शन काही शिकवलं नाही. ते फक्त आता प्रिंट झाल्यावर दुकानातून हलत नाहीत. परवा त्यांच्याबरोबर होतो, मागे सहा माणसं लायनीत, पोऱ्या वैतागलेला, आणि काका शांतपणे काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "डिलीट केलंस ना? हां. आता ती कचऱ्याची बादली पण रिकामी कर, मला आवाज ऐकू दे."